आईच्या पोटात घडणारा शंख

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात बसायला जागा उरत नाही. खेड्यापाड्यांतील मंडळी एकाच एसटीच्या फेरीत बाजार, बँक आणि डॉक्टर अशी तिन्ही कामे उरकतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दिवशी दिग्रसकडच्या एका खेड्यातून एक आजी सुनेसह आपल्या नातीला घेऊन आली. मुलगी दोन वर्षांची होती आणि तक्रार सर्दी-खोकल्याची होती. तपासून झाले, औषध लिहून झाले, आणि उठता उठता आजी सहज म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोट्टी अजून बोलत नाई. पन आयकते बरं सारं. थाळी वाजवली का पाह्यते."

मी त्यांना पुन्हा बसवले. मुलीला आईच्या मांडीवर घेतले, समोर खेळणे धरले आणि मागे उभ्या असलेल्या परिचारिकेला तिच्या नावाने हाक मारायला सांगितले. मुलीने पाहिले नाही. कागद चुरगाळला, किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तरी नाही. मग मी माझ्या लाकडी टेबलावर हात आपटला. मुलीचा एक हात त्याच टेबलावर होता, तिने लगेच वळून पाहिले. आजी समाधानाने म्हणाली, "पाहा!" सून मात्र खाली मान घालून बसली होती. तिला बहुधा बऱ्याच महिन्यांपासून खरे काय ते ठाऊक होते.

हा प्रसंग मी येथे लिहितो आहे, त्याला एक जुने कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी असाच एक दीड वर्षाचा मुलगा माझ्याकडे आला होता. त्याची आई म्हणाली, हा हाकेला ओ देत नाही. मी त्याच्या मागे उभा राहून टाळी वाजवली, तो वळला, आणि मी निर्धास्तपणे सांगून टाकले की काही मुले उशिरा बोलतात, वडीलही उशिराच बोलले असतील, वाट पाहा. टाळीबरोबर हवेचा झोत मानेवर येतो, सावली हलते, पाहणाऱ्यांचे चेहरे बदलतात, आणि ऐकू न येणारे मूल या साऱ्या खुणा आपल्यापेक्षा फार लवकर टिपते, हे मला तेव्हा कोणी शिकवले नव्हते. ते मूल पाच वर्षांचे होऊन परत आले. आई एवढेच म्हणाली, "तुमीच तं थांबा म्हनलं होतं." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो. त्यातील जे कुटुंबांच्या उपयोगाचे आहे, ते आपल्यापुढे ठेवतो.

कान म्हटले की आपल्याला बाहेरची पाळी दिसते. ती केवळ आवाज गोळा करणारे नरसाळे आहे. पडद्यामागच्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांच्या पलीकडे, कवटीतल्या अतिशय कठीण हाडात बसवलेला एक शंख असतो. आकाराने वाटाण्याएवढा, सुमारे अडीच वेढ्यांचा, आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेला. हा शंख उलगडून सरळ केला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब भरेल. त्याच्या आत सुमारे पंधरा हजार केशपेशी ओळीने उभ्या असतात. आवाजाची लाट द्रवातून गेली की या पेशींच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस झुकतात आणि त्या झुकण्याचे रूपांतर विजेच्या संकेतात होऊन तो श्रवणतंत्रिकेमार्फत मेंदूकडे जातो. शंखाच्या तळाशी पक्ष्याच्या किलबिलीसारखे उंच स्वर टिपले जातात, तर शेंड्याकडे ढोलासारखे खर्जातले. शंखात लाट कशी धावते हे दाखवून देणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या शंखाचा जन्म पाहू. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी, म्हणजे आईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असताना, भ्रूणाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्वचेचा एकेक ठिपका जाड होऊ लागतो. आईला अजून दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. तो ठिपका आत खचतो, त्याची खळगी होते, खळगीचे तोंड मिटून चौथ्या आठवड्याच्या अखेरीस एक बंद पिशवी तयार होते. या एका पिशवीतून पुढे तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि ऐकणारा शंख ही दोन्ही इंद्रिये घडतात. शंखाची नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागते, वळत वळत जाते आणि दहाव्या आठवड्याच्या आसपास तिचे अडीच वेढे पुरे होतात. त्यानंतर केशपेशी आकार घेतात, तंत्रिकांचे धागे त्यांना येऊन मिळतात, आणि चोवीस-पंचवीस आठवड्यांच्या पुढे पोटातले बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. जन्माला येताना बाळाचे हातपाय, हृदय, मेंदू सगळेच लहान असते, पण हा शंख मात्र प्रौढ माणसाच्या शंखाएवढाच असतो. तो पुढे वाढत नाही.

साध्या त्वचेच्या ठिपक्याला 'तू कान हो' असे सांगते कोण? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षे कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर अभ्यासला. राज लाधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की शेजारच्या ऊतींकडून येणारे दोन रासायनिक संदेश एकत्र आले की ते त्वचेच्या पेशींना कानाच्या वाटेवर घेऊन जातात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे जे जीवशास्त्र केंद्र बंगळुरूला आहे, तेथे डॉ. लाधर यांची प्रयोगशाळा आजही अंतर्कर्णाच्या घडणीवरच काम करते. त्याआधी १९९९ साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले होते की एक विशिष्ट जनुक काढून टाकले तर शंख तयार होतो, पण त्यात केशपेशीच उगवत नाहीत. घर बांधून झाले, पण राहायला कोणी आलेच नाही, असा तो प्रकार.

कोंबडीची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितली की माझ्याकडचे शेतकरी हसतात. प्रचंड आवाजाने किंवा औषधाने कोंबडीच्या केशपेशी मेल्या तर काही आठवड्यांत नव्या उगवतात आणि तिला पुन्हा ऐकू येते. पक्ष्यांमधील हे पुनर्जनन १९८८ साली सिद्ध झाले. माणसात आणि सर्व सस्तन प्राण्यांत ही सोय नाही. आपल्याला जन्मतः मिळालेल्या पंधरा हजार पेशी हेच आयुष्यभराचे भांडवल. त्या पुन्हा उगवाव्यात म्हणून औषध शोधण्याचे मोठे प्रयत्न झाले आणि चालू आहेत. एका अमेरिकी कंपनीचे बहुचर्चित औषध मात्र २०२३ साली चाचणीत अपयशी ठरले. तेव्हा 'तेलाच्या दोन थेंबांनी बहिरेपणा घालवा' अशी जाहिरात आपल्या वाचनात आली तर कोंबडी आठवावी आणि पैसे वाचवावेत.

ही घडण कोठे बिघडते? येथे मला माझ्या दवाखान्यातली सर्वांत अवघड संभाषणे आठवतात. मूल ऐकू येत नसलेले निघाले की घरात पहिला प्रश्न येतो तो आईकडे बोट दाखवून. ग्रहणात भाजी चिरली का? रात्री उंबऱ्यावर बसली का? दिग्रसच्या त्या आजीनेही सुनेसमोरच मला हे विचारले. ग्रहणाचा आणि शंखाच्या घडणीचा काडीचाही संबंध नाही, हे मी तिला तीनदा सांगितले. मूल जन्मतः बहिरे असण्याचे प्रमाण हजारात एक ते दोन इतके असते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांत कारण जनुकीय असते. त्यातही बहुतेक वेळा दोष असा असतो की आई आणि वडील दोघांकडे तो सुप्तपणे असतो, दोघांनाही उत्तम ऐकू येते, आणि दोघांकडून एकेक सदोष प्रत मुलाकडे आली तरच बहिरेपणा प्रकट होतो. म्हणून तर बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारांत एक असते. आईचा वाटा जेवढा, तेवढाच बापाचा. हे मी सासूसमोर आणि नवऱ्यासमोर मुद्दाम मोठ्याने सांगतो.

यांतील सर्वांत परिचित जनुक १९९७ साली सापडले. ते कनेक्सिन २६ नावाचे प्रथिन बनवते. शंखातील पेशींच्या दरम्यान पोटॅशियमची ये-जा ज्या दारांतून होते, त्या दारांचा तो भाग. दारे बंद झाली की यंत्र ठप्प. भारतीय कुटुंबांत या जनुकातील एक ठरावीक बदल वारंवार आढळतो. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. एकाच आजोबांचा सुप्त दोष दोन बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते. ज्या घरात आधीच एखादे मूल किंवा नातलग जन्मतः बहिरा आहे, त्या घराने नात्यातले लग्न ठरवण्यापूर्वी जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा. रीत मोडा असे मी सांगत नाही, पण नारळ फोडण्याआधी विचारायला तरी या.

उरलेल्या कारणांपैकी पुष्कळ टाळता येण्याजोगी आहेत. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना १९४१ साली असे आढळले की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या कितीतरी बाळांच्या आयांना गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला झाला होता. त्याच आजाराने बहिरेपणाही येतो, हे लवकरच उघड झाले. दोन दिवस ताप आणि अंगावर पुरळ, आईला विशेष त्रास नाही. पण शंखाचे वेढे पडण्याचे नेमके तेच आठवडे असतात. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम निघाली, तेव्हा नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून लस दिली गेली. लसीविषयी अफवा तेव्हाही पसरल्या होत्या आणि काही पालकांनी त्या दिवशी मुलींना शाळेत पाठवले नव्हते. त्या वेळच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली आज लग्नाच्या वयात आल्या आहेत किंवा आयाही झाल्या आहेत. आपल्या घरच्या मुलीने तेव्हा लस घेतली होती का, याची आज रात्री जेवताना चौकशी करा. घेतली नसेल तर लग्नाआधी घ्यावी, मात्र गर्भारपणात ती देत नाहीत आणि लसीनंतर किमान एक महिना दिवस राहू देऊ नयेत.

थायरॉइडचे तसेच. शंखाची घडण पक्व होण्यासाठी थायरॉइडचे संप्रेरक लागते. म्हणून गर्भारपणातील ती रक्ततपासणी आणि स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मीठ, दोन्ही गोष्टी कानाच्याही आहेत. जन्मल्यावर बाळाची कावीळ फार वाढली तर श्रवणतंत्रिकेला इजा होते. 'कोवळ्या उन्हात धरा, उतरेल' असे म्हणत पिवळेजर्द बाळ चार दिवस घरी ठेवू नका.

औषधांविषयी एक कबुली. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी जेंटामायसिनची इंजेक्शने उदार हाताने दिली आहेत. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन हे औषधांचे कूळ केशपेशींना मारू शकते, आणि काही घराण्यांत आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे थोड्या मात्रेनेही बहिरेपणा येतो. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला असेल तर हेच औषध जीव वाचवते, तेव्हा रुग्णालयात त्याला नकार देऊ नका. पण आईच्या माहेरी कोणाला इंजेक्शनानंतर बहिरेपण आले असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि साध्या जुलाबासाठी कोणी हे इंजेक्शन देऊ लागला तर कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता काळाचा प्रश्न. माझ्या चुकीची खरी किंमत येथे कळते. केशपेशी आवाजाचे संकेत पाठवतात, पण त्यांचा अर्थ लावायला मेंदू शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली दाखवले की ज्या मुलांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली झाली. त्याच राज्यातील अनू शर्मा यांच्या अभ्यासात कॉक्लियर इम्प्लांट साडेतीन वर्षांच्या आत बसवलेल्या मुलांच्या मेंदूने आवाज उत्तम स्वीकारला, तर सात वर्षांनंतर बसवलेल्यांत तसे क्वचितच घडले. जगभर म्हणूनच साधा हिशेब ठेवतात: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. माझ्याकडे परत आलेला तो मुलगा पाच वर्षांचा होता.

चाचणीत बाळाला काहीही दुखत नाही. शंखातील निरोगी केशपेशी स्वतःच अतिशय मंद प्रतिध्वनी बाहेर टाकतात, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली शोधले. 'ओएई' चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून तो प्रतिध्वनी यंत्र ऐकते. काही मिनिटांचे काम आहे. मात्र काही मुलांत केशपेशी ठीक असतात आणि बिघाड पुढच्या जोडणीत असतो. अशा मुलांत ओएई 'पास' दाखवते. म्हणून ज्या बाळाला कावीळ फार झाली होती, जे दिवस भरण्याआधी जन्मले, अतिदक्षता कक्षात राहिले किंवा ज्याच्या घरात बहिरेपण आहे, त्याची 'बेरा' चाचणी करावी. तीत डोक्यावर लावलेल्या पट्ट्या मेंदूपर्यंत पोहोचलेला संकेत मोजतात.

घरी काय पाहावे? थाळी वाजवू नका. तान्हे बाळ दचकते का, तिसऱ्या महिन्यात आईचा आवाज ऐकून रडे थांबवते का, सहाव्या-सातव्या महिन्यात न दिसणाऱ्या आवाजाकडे वळते का, आणि वर्षाच्या आत नावाला ओ देते का, एवढे बघा. एका गोष्टीने घरोघरी फसगत होते. ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने 'अगं, उंग' करते, हसते, खिदळते. सहा-सात महिन्यांनंतर ही बडबड वाढण्याऐवजी विरत गेली तर ती खूण आहे. आणि आई शंका घेते तेव्हा ती बहुधा खरी असते, हे मी महागात शिकलो.

सोय कोठे आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघरहून झाली आणि त्यातील तपासायच्या दोषांत जन्मजात बहिरेपण आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला स्वतःहून सांगा, आशाताईला सांगा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा, पुढे गरज पडल्यास नागपूर आहेच. पाच वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना केंद्राच्या 'एडिप' योजनेतून इम्प्लांट मिळते आणि त्याचे काम मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव मोठे आहे. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. पण हेही समजून घ्या की इम्प्लांटमध्ये जास्तीत जास्त बावीसच्या आसपास विद्युतअग्रे असतात आणि ती हजारो केशपेशींचे काम करू पाहतात. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षे रोज बोलण्याचा सराव घ्यावा लागतो, तोही बव्हंशी आईला. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आठवड्याला शहरात जाणे काय असते, हे योजना आखणाऱ्यांनी एकदा पाहावे. ज्यांना इम्प्लांट शक्य नाही त्यांनी खुणांच्या भाषेची लाज बाळगू नये. ती पूर्ण भाषा आहे, आणि कोणतीच भाषा नसण्यापेक्षा लवकर मिळालेली खुणांची भाषा मुलाचा मेंदू घडवते.

हल्ली पालक मोबाइलवर एक चित्रफीत दाखवतात आणि विचारतात, 'हे इंजेक्शन आपल्याकडे मिळेल का?' बातमी खरी आहे. ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाचे जनुक बिघडले तर केशपेशी असतात, हलतात, पण निरोप पुढे देत नाहीत. शांघायच्या फुदान विद्यापीठातील डॉक्टरांनी निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून हे जनुक शंखात सोडले. जनुक एका विषाणूत मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून पाठवले. 'लॅन्सेट'मध्ये २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. मला ते वाचताना आनंद झाला, हे लपवत नाही. पण जन्मजात बहिरेपणात या जनुकाचा वाटा थोडा आहे, आणि या बातमीची वाट पाहत मुलाचे श्रवणयंत्र लांबवणे म्हणजे माझीच जुनी चूक पुन्हा करणे.

दिग्रसकडच्या त्या मुलीची बेरा झाली. दोन्ही कानांत तीव्र बहिरेपण निघाले. सध्या तिला श्रवणयंत्रे लावली आहेत आणि इम्प्लांटसाठी कागदपत्रे जमवणे चालू आहे. दिवाळीनंतर सून पुन्हा दवाखान्यात आली, दुसऱ्यांदा दिवस गेलेले. या वेळी आजीनेच विचारले, "डॉक्टरसाहेब, याचं बेरा कवा कराचं?" बाळ जन्मल्यावर महिन्याच्या आत ओएई आणि बेरा दोन्ही, असे मी तिच्या कार्डावर लाल शाईने लिहून दिले. तारीख मार्चची आहे. ती मी माझ्या टेबलाच्या काचेखालीही ठेवली आहे.